घरची जिन : हौस आणि धोका

या सदराकडे एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. नोकरीनिमित्त ते पुण्याला असतात, सणासुदीला गावी येतात. घरी जिन बनवण्याचे पुष्कळ व्हिडिओ त्यांनी पाहिले आहेत आणि स्टीलचे एक छोटे यंत्र मागवण्याचा त्यांचा विचार आहे. साखर, यीस्ट आणि घरातले मसाले यांपासून आपल्या डोळ्यांदेखत केलेली दारू बाजारातल्या दारूपेक्षा शुद्धच असणार, मग प्रकृतीच्या दृष्टीने हरकत काय, असा त्यांचा सवाल आहे. प्रश्न सरळ आहे आणि तो विचारल्याबद्दल मी त्यांचे आभारच मानतो, कारण असे प्रश्न सहसा डॉक्टरला विचारले जात नाहीत. उत्तर मात्र एका ओळीत देता येण्यासारखे नाही.

कायद्याची बाजू आधी सांगून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ सालचा आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे, मग ती पिंपभर असो की बाटलीभर, विकण्यासाठी असो की स्वतःसाठी. गाळण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगणे हाही गुन्हाच. तुम्ही पाहता ते व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे. तिथला माणूस उघडपणे सांगतो म्हणून ते आपल्याकडेही चालते, असे नाही.

आता जिन म्हणजे काय ते पाहू. मुळात ती वास-चव नसलेली तीव्र दारू. तिला जुनिपर नावाच्या सूचिपर्णी झुडपाच्या निळसर काळ्या फळांचा वास दिला की तिची जिन होते. 'येनेव्हर' या डच नावाचे इंग्रजांनी 'जिन' केले. हे फळ आपल्याला अगदीच परके नाही. आयुर्वेदात ते हपुषा म्हणून येते, काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळते. जोडीला धणे, लिंबा-संत्र्याची साल, दालचिनी, वेलदोडा, ज्येष्ठमध असे कायकाय घालतात. गोव्यात २०१७ नंतर जिनच्या नव्या कारखान्यांची लाटच आली आणि आपल्याच स्वयंपाकघरातले मसाले बाटलीवर छापून आले. तेव्हापासून 'हे तर आपणही करू' असे तरुणांना वाटू लागले असेल, तर नवल नाही.

आमच्या भागात भट्टीचे नाव काढले की काजू आठवतो. गोव्यात बोंडूंचा रस आंबवून गाळला की हुर्राक आणि ती पुन्हा गाळली की फेणी, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. तत्त्व सगळीकडे तेच आहे. साखरेवर यीस्टची क्रिया होऊन इथाइल अल्कोहोल तयार होते, म्हणजे आपण ज्याला दारू म्हणतो ते. पोलिसांनी धाड घालून 'रसायन' नष्ट केले अशी बातमी याच पानांवर नेहमी असते. ते रसायन म्हणजे हेच आंबवण.

त्याच आंबवणात दुसराही एक अल्कोहोल थोडा तयार होऊ शकतो. त्याचे नाव मिथाइल अल्कोहोल किंवा मेथेनॉल. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असते. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. त्या पेक्टिनपासून मेथेनॉल सुटते. म्हणून फळांच्या आंबवणात ते जास्त आणि नुसत्या साखरेच्या किंवा गुळाच्या आंबवणात अगदी कमी असते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाचकाला भीती घालण्यासाठी अर्धसत्य सांगणे मला पसंत नाही. नुसत्या साखरेपासून गाळलेली दारू पिऊन कोणी आंधळा झाला, तर बहुतेक वेळा त्यात बाहेरून काहीतरी मिसळलेले असते.

मग व्हिडिओतला माणूस म्हणतो की सुरुवातीची धार फेकून द्या, मेथेनॉल तिच्यातच निघून जाते. मेथेनॉल सुमारे ६५ अंशांना उकळते आणि इथाइल अल्कोहोल सुमारे ७८ अंशांना, त्यामुळे हे पटतेही. पण भांड्यात हे दोन्ही पाण्याबरोबर मिसळलेले असतात, आणि तिथे निसर्ग पाठ्यपुस्तकासारखा रांगेत चालत नाही. मेथेनॉल पाण्याला धरून राहते आणि पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत थोडे थोडे येत राहते. पहिली धार टाकल्याने उग्र वासाची काही द्रव्ये जातात, मेथेनॉल पुरते जात नाही. आपल्याकडे तर 'पहिल्या धारेची' म्हणून तीच कौतुकाने मागून पितात! तज्ज्ञ गाळणारा जे फेकतो, त्याला आपण मान दिला आहे.

दुसरी एक समजूत ज्योतीची आहे. चमच्यात घेऊन पेटवली आणि ज्योत निळी दिसली की दारू शुद्ध, असे सांगतात. मेथेनॉलची ज्योतही फिकट निळीच असते, उजेडात तर दिसतसुद्धा नाही. वासाने, चवीने, रंगाने किंवा ज्योतीने मेथेनॉल ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

घरच्या जिनचा खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. आंबवणे, गाळणे, पुन्हा गाळणे हे वेळखाऊ काम आहे, आणि पहिल्याच खेपेला जमतेच असे नाही. मग कोणीतरी सुचवतो, 'कशाला हा खटाटोप? माझ्या ओळखीत स्पिरिट मिळते. तेच आणू आणि मसाले टाकू.' कॅनमध्ये आलेले हे स्पिरिट कुठल्या कारखान्यातले, कशासाठी केलेले, हे कोणालाच ठाऊक नसते. रंग, थिनर यांच्या उद्योगात मेथेनॉल ढिगाने वापरले जाते, आणि ते स्वस्त असते. विक्रोळीला १९९१ च्या अखेरीस ९३ माणसे गेली, मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद भागात चाळीसहून अधिक आणि जून २०२४ मध्ये तमिळनाडूत कळ्ळकुरिचीला साठहून अधिक लोक दगावले. या सगळ्यांच्या मुळाशी मेथेनॉल होते. ती सगळी मोलमजुरी करणारी माणसे होती, म्हणून हा गरिबांचा प्रश्न अशी आपली समजूत झाली आहे. पण मेथेनॉल पिणाऱ्याचा पगार विचारत नाही. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण गेले.

इथेच मसाल्यांचा संबंध येतो. जुनिपर, लिंबाची साल आणि वेलदोडा यांचा वास इतका प्रभावी असतो की खालचे स्पिरिट काय दर्जाचे आहे, हे नाकाला कळत नाही. जिनचा इतिहासच याचा साक्षीदार आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिनचे अक्षरशः वेड लागले होते. महागडे जुनिपर परवडत नाही म्हणून गाळणारे तिच्यात टर्पेंटाइन घालत, कारण वास थोडा मिळताजुळता येतो. सरकारने १७३६ मध्ये परवान्याची जबर फी लावली तेव्हा चोरटी विक्री वाढली. १७५१ च्या कायद्यानंतर कुठे ते वेड ओसरू लागले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तेव्हा लोक औद्योगिक स्पिरिटमध्ये जुनिपरचे तेल घालून घरी जिन करत, आणि सरकारने त्या स्पिरिटमध्ये मेथेनॉल मिसळलेले असे. त्याच काळात, १९३० मध्ये, आल्याचा एक मद्ययुक्त अर्क औषध म्हणून विकला जाई. विक्रेत्यांनी त्यात एक औद्योगिक रसायन मिसळले आणि हजारो माणसांचे पाय लुळे पडले. आल्याचा अर्क! नाव ऐकून कोणाला शंका यावी?

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी ही समजूत मला दवाखान्यात रोज भेटते. पाण्यातला काढा आणि दारूतला अर्क यांत फार फरक आहे. पाण्यात न उतरणारी कितीतरी द्रव्ये अल्कोहोलमध्ये भराभर उतरतात. चिमूटभर जायफळ श्रीखंडात शोभते, पण त्याच फळाची पूड चमचा-चमचा घालून आठवडाभर मुरवली तर छातीत धडधड, घबराट आणि भ्रम होऊ शकतो. जर्दाळूच्या कडू बियांमधून सायनाइड सुटते. ज्येष्ठमध नियमित पोटात गेले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जुनिपरच्याच कुळात एक विषारी जात आहे, आणि झुडूप पाहून ती ओळखणे नवख्याचे काम नाही.

जिनसोबत पितात त्या टॉनिक वॉटरचेही तसेच. त्याचा कडवटपणा क्विनीनचा, म्हणजे आपल्या हिवतापाच्या जुन्या औषधाचा. अमेरिकेत टॉनिकमध्ये एका लिटरला ८३ मिलिग्रॅमहून जास्त क्विनीन चालत नाही. काही हौशी मंडळी सिंकोनाची साल आणून घरीच टॉनिक करतात. सालीत क्विनीन किती आहे, हे त्यांना कसे कळणार? जास्त झाले की कानांत आवाज येतात, चक्कर येते, नजर मंदावते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आगीचा धोका तर सांगायलाच नको, तरी सांगतो. बंद स्वयंपाकघरात गॅसवर भट्टी लावली आणि वाफ सांध्यातून सुटली, तर साध्या उन्हाळी तापमानालाही ती पेट घेते. भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या वेदनांचे वर्णन इथे करत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे त्याकडे येतो.

मेथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. यकृतात त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. मुंगी चावल्यावर आग होते ती याच आम्लाची. हे आम्ल साचायला वेळ लागतो. म्हणून पिणारा माणूस रात्री मजेत जेवतो, झोपतो, आणि त्रास बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. सोबत नेहमीची दारूही घेतलेली असेल तर आणखी उशिरा. डोके दुखते, मळमळते, पोटात कळा येतात. सगळे म्हणतात, 'रात्रीची उतरली नाही अजून.' लिंबूपाणी देतात आणि झोपवतात. काही शहाणे 'उतारा' म्हणून आणखी एक पेग देतात. तोपर्यंत आम्ल डोळ्यांच्या नसेपर्यंत पोचलेले असते. बर्फ पडताना दिसावा तसे पांढुरके धुके रुग्णाला दिसू लागते, उजेड सहन होत नाही, श्वास जोरजोरात चालतो. शुद्ध मेथेनॉल १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, आणि ३० मिलिलिटरने जीव.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाला वडील आणि मेहुणे घेऊन आले. उलट्या होत होत्या आणि 'डोळ्यांपुढे धुके' हे शब्द त्याने स्वतःहून वापरले. काय प्यालास म्हटले तर 'काही नाही'. दोघांना बाहेर बसवून दार लावून घेतले, तेव्हा मित्राच्या खोलीवर केलेल्या 'घरच्या जिन'ची हकीकत बाहेर आली. स्पिरिट कॅनमधले होते. तासाभरात बांबोळीला हलवले, तिथे डायलिसिस झाले. तो वाचला. डाव्या डोळ्याने त्याला आजही वर्तमानपत्र वाचता येत नाही.

यावर इलाज आहे, हे लोकांना माहीत नसते. फोमेपिझोल नावाचे इंजेक्शन असते, पण ते महाग असून आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याऐवजी रुग्णालयात इथाइल अल्कोहोलच मोजून देतात. ते यकृताला गुंतवून ठेवते, म्हणून मेथेनॉलचे विष होण्याचे थांबते. जोडीला सोडा बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल आणि गरज पडल्यास डायलिसिस. हे वाचून कोणी घरी स्वतःच पाजू नये. प्रमाण चुकले तर बेशुद्धीत उलटी फुफ्फुसात जाते, आणि डायलिसिसची वेळही निघून जाते.

पत्रलेखकांना माझे उत्तर असे, की यंत्र मागवू नका. दारू मुळीच सुरक्षित नाही, अगदी कमी प्रमाणातही नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही प्यायचीच असेल तर परवाना असलेल्या दुकानातली, सीलबंद. हाऊबेर, धणे आणि लिंबाच्या सालीचा वासच हवा असेल तर त्यांचा हलका काढा करून साखरेत पाक करा आणि सोड्यात घाला. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी मात्र हाऊबेर त्यातही नको.

आणि कुठल्याही अनोळखी दारूनंतर दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या किंवा श्वास वाढला, तर सकाळची वाट पाहू नये, डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जावे. डॉक्टरला खरे सांगावे. कोणी दिली, किती घेतली, किती वाजता, हे तिन्ही सांगावे. उरलेली बाटली फेकून न देता सोबत न्यावी, तपासणीला ती लागते. त्याच बाटलीतून आणखी कोणी घेतली असेल तर त्यांना अजून काही होत नसले तरी फोन करावा, झोपले असतील तर उठवून आणावे.