जे तुकडे आलेच नाहीत

सोलापूरच्या एका ट्रस्ट रुग्णालयात मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा कॅन्सरचा आहे की नाही, हे सांगणं माझं काम. कोविडच्या वॉर्डांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या खोल्यांत काय चाललं होतं, ते फारसं कुणी लिहिलेलं नाही. म्हणून जुलै २०२० मधला हा एक दिवस.

सकाळी ७.४५

टेक्निशियनने टिश्यू प्रोसेसर उघडला. या यंत्रात तुकडे रात्रभर फिरतात. अल्कोहोलमध्ये त्यांच्यातलं पाणी जातं, झायलीनमध्ये अल्कोहोल जातं आणि शेवटी वितळलेलं मेण आत शिरतं. एरवी सकाळी टोपली कॅसेटींनी गच्च असते. त्या दिवशी तिचा तळ दिसत होता.

यंत्र भरलेलं असो वा निम्मं, रसायन तेवढंच लागतं. सॅनिटायझरसाठी सगळीकडे ओढाताण चालल्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे भाव चढले होते, म्हणून आम्ही यंत्र दिवसाआड चालवत होतो. तिघा टेक्निशियनपैकी दोघं स्वॅबच्या कामावर गेले होते. तुकडे कमी म्हणजे रिपोर्ट लवकर, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात जो पेशंट कसाबसा पोहोचला, त्याचाच रिपोर्ट उशिरा निघत होता.

९.००

खिडकीवर नमुने घ्यायची वेळ. तुळजापूर, उमरगा, पलीकडे इंडीपर्यंतचे सर्जन गाठ काढली की डबीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात, नाहीतर पार्सलने पाठवतात. आमची निम्मी लॅब अशी एसटीच्या भरवशावर चाललेली. जिल्ह्याबाहेरची एसटी मार्चपासून बंद होती, ती २० ऑगस्टला सुरू झाली. खासगी गाडीला ई-पास लागायचा.

पहिली डबी स्तनाच्या गाठीच्या तुकड्याची. वरची तारीख बारा दिवसांपूर्वीची. फॉर्मॅलिनमध्ये मांस कुजत नाही हे खरं. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन रिसेप्टर तपासायचे असतात आणि त्यासाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास असावा. त्यापुढे रिसेप्टर असूनही न दिसण्याचा धोका वाढतो. त्या बाईला पुढची पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी द्यायची की नाही, हे याच तपासणीवर ठरणार होतं. फॉर्मवर मी लाल शाईने तारीख लिहून ठेवली.

दुसरी डबी मुलाने मोटरसायकलवरून आणली होती. आत फॉर्मॅलिन नव्हतं, सलाइन होतं. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. त्या मुलाला सांगावं लागलं की वडिलांचा तुकडा पुन्हा काढावा लागेल. म्हणजे पुन्हा पास, पुन्हा कोरोनाची टेस्ट, पुन्हा टेबलाची तारीख. तो काही बोलला नाही, फक्त डबी परत मागितली. ती देता येत नाही, हेही मलाच सांगावं लागलं.

१०.३०

ग्रॉसिंग. मोठे नमुने इथे कापायचे, मोजायचे, त्यातल्या नेमक्या जागा निवडून कॅसेटमध्ये घालायच्या. फॉर्मॅलिन विषाणू मारतं, म्हणून चोवीस तास पूर्ण झाल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही, असा नियम आम्ही केला होता. ताजं मांस गोठवून, ऑपरेशन चालू असतानाच कड तपासून देण्याची फ्रोझन सेक्शनची सोय तर बंदच केली होती. कड मोकळी आहे का, असा थिएटरमधून येणारा फोन आता येत नव्हता. सर्जन अंदाजाने जास्तीचं मांस घेत होते.

टेबलावर खालच्या जबड्याचा अर्धा भाग होता, गालाचं अस्तर आणि बाहेरची कातडी यांसकट. पेशंट पन्नाशीच्या आतला. फॉर्मवर लिहिलेलं: व्रण, सहा महिने. गाठ साडेपाच सेंटिमीटर, हाड पोखरलेलं, कातडीतून बाहेर आलेली. म्हणजे टी-४. हाच कॅन्सर दोन सेंटिमीटरच्या आत आणि पाच मिलिमीटरपेक्षा कमी खोल असताना सापडला तर टी-१ म्हणतात आणि जबडा सहसा शाबूत राहतो.

आमच्या भागात तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट बहुतेकदा पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे जातो. तंबाखू, मावा, मिशेरी. दात हलतो, तोंड उघडत नाही, तिखट झोंबतं, म्हणून तो जातो. तोंड उघडायला लावणं हेच धोक्याचं झाल्यामुळे दातांचे दवाखाने फक्त तातडीच्या कामापुरते उघडे राहिले. ज्या डोळ्यांना हा व्रण सगळ्यात आधी दिसतो, ते डोळेच मिटले. कान-नाक-घशाच्या ओपीडीचं आणि दुर्बिणीच्या तपासण्यांचंही तेच झालं.

या एका माणसाचा जबडा लॉकडाऊनमुळे गेला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. लॉकडाऊन नसतानाही माणसं उशिरा येतात. पण जूनपासून माझ्या टेबलावर येणारे जबडे मोठे होत चालले होते आणि गालाच्या लहानशा व्रणाचे तांदळाएवढे तुकडे जवळपास दिसेनासे झाले होते. लहान व्रण बरे झाले नव्हते. ते कुठेतरी वाढत होते.

१२.३०

सुईच्या तपासणीची खोली. पीपीई किट घालून, पंखा बंद, खिडकी उघडी.

बाई चाळिशीच्या, विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, विडी घरकुलातल्या. स्तनात गाठ. बोलण्याला तेलुगू वळण. रुग्णालयापासून घर काही किलोमीटरवर, पण मधले दोन महिने त्यांचा भाग प्रतिबंधित क्षेत्रात होता आणि रस्त्यावर पत्रे लावलेले होते.

"मार्चमध्ये दाखवलं होतं मॅडम. दहा दिवसांनी या म्हणाले. मग सगळं बंदच झालं."

"गाठ दुखते का, ताई?"

"दुखत नाही ना. दुखली असती तर आले असते कशीबशी."

मी काखेत हात घातला. तिथेही गाठी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"सुई टाकली की पसरतं म्हणतात," त्या म्हणाल्या.

"नाही पसरत. न बघता ठेवलं तर मात्र वाढतं."

पत्रे निघाल्यावरही त्या तीन आठवडे आल्या नव्हत्या. कारण विचारलं तेव्हा खूप हळू आवाजात सांगितलं: रुग्णालयात गेलं की आधी कोरोनाची टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली की घरच्या सगळ्यांना उचलून क्वारंटाइनमध्ये नेतात, आणि घरात सून बाळंत झालेली होती. या बाईंना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी हिशोब केला होता. समोर दिसणारं संकट नवजात बाळावर होतं, न दुखणारी गाठ फक्त त्यांच्यावर होती. त्यांच्या जागी घरातली कोणतीही बाई हाच हिशोब करेल. तो चुकीचा आहे हे त्यांना सांगायला आशाताई दारात यायला हवी होती, आणि आशाताई ताप मोजत फिरत होत्या.

२.३०

डबा. मग बाहेरगावच्या सर्जनांना फोन: नमुना काढला की फॉर्मॅलिन दहापट घाला, तारीख आणि वेळ लिहा, गाडी मिळत नसेल तर आम्हाला कळवा. रुग्णवाहिका, औषधांचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, जे जमेल त्याने आम्ही डब्या मागवत होतो.

३.३०

मायक्रोस्कोप. छातीत पाणी झालेल्या एका आजोबांच्या स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी होत्या. खोकला आणि धाप म्हणजे कोरोनाच, असं धरून ते दोनदा घरी थांबले होते. उलटही घडत होतं. कोरोनासाठी काढलेल्या एचआरसीटीत फुप्फुसातली गाठ अवचित सापडलेली एक बाई आमच्याकडे आली होती.

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा, म्हणजे पॅप स्मिअरचा ट्रे मात्र रिकामाच होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये जगाला दाखवून दिलं की एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. खेड्यातल्या बायका तपासणीला येतात, हे याच मातीत सिद्ध झालेलं. आणि याच मातीत तपासणीची शिबिरं थांबली, तेव्हा ती पुन्हा कधी सुरू करायची हा प्रश्नही कुठल्या बैठकीत निघाला नाही.

५.४५

जबड्याच्या पेशंटची बायको खिडकीशी. रिपोर्ट कधी? पुढचं रेडिएशन त्यावर अडलं होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांना मंजुरी मिळवायची तर बायोप्सीचा कागद लागतो. आमचा कागद नाही तर केमो नाही, शेक नाही, पैसे नाहीत. हाड मऊ करायलाच काही दिवस जातात, हे त्यांना समजावलं. तोवर त्या पार्किंगमध्ये राहणार होत्या, कारण एकदा गावी गेलं की परत येता येईल याची खात्री नव्हती.

७.३०

सह्या संपल्या. विडी घरकुलातल्या ताईंचा रिपोर्ट मी रात्रीच फोनवर सर्जनना सांगितला, टाइप होण्याची वाट पाहिली नाही.

पुढच्या वर्षी नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या पेशंटची नोंदणी आदल्या वर्षीच्या १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती. पॅथॉलॉजीच्या तपासण्या ३८ टक्क्यांनी आणि रेडिओलॉजीच्या ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत स्क्रीनिंग पूर्ण थांबलं होतं किंवा नेहमीच्या पावपटीच्या खाली गेलं होतं. साठ हजार माणसं वजा झाली, आजार वजा झाला नव्हता.

कोरोनाच्या मृत्यूंची यादी रोज संध्याकाळी जाहीर व्हायची. न आलेल्या तुकड्यांची यादी कुणी केली नाही. पुढच्या साथीत ती करायला हवी: प्रत्येक जिल्ह्याने दर आठवड्याला किती बायोप्सी झाल्या ते मोजावं, आदल्या वर्षीशी ताडून पाहावं, नमुन्याच्या डबीला औषधाइतकीच रस्त्यावर वाट द्यावी आणि लॅबमधला निदान एक टेक्निशियन तरी जागेवरून हलवू नये.

आणि वाचणाऱ्याला इतकंच सांगणं आहे. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर बाहेर काहीही चालू असो, तपासून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका.