वेस्पा : एका विणकर कीटकाचे नाव

इटालियन भाषेत गांधीलमाशीला 'वेस्पा' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आलेला असून दोन हजार वर्षांत त्याच्या लेखनात एका अक्षराचाही फरक पडलेला नाही. त्याच लॅटिन शब्दाचा फ्रेंचमध्ये मात्र जर्मानिक उच्चारांच्या प्रभावाने 'गेप' झाला आणि स्पॅनिशमध्ये, बहुधा मधमाशीच्या 'आबेखा' या नावाच्या सान्निध्याने, 'आविस्पा' झाला.

या शब्दाचा खरा प्रवास लॅटिनपूर्व काळातला आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन इत्यादी भाषांच्या तुलनेवरून अभ्यासकांनी त्यांच्या ज्या समान पूर्वजभाषेची पुनर्रचना केली आहे, त्या आद्य भारोपीय भाषेत या कीटकाच्या नावात ओठांवरचा वर्ण आधी आणि 'स' नंतर येत असावा, कारण लिथुआनियन भाषेतील 'वाप्स्वा' या रूपात तोच क्रम आजही टिकून आहे. लॅटिनमध्ये 'प्स'चा 'स्प' झाला. वर्णांच्या अशा अदलाबदलीला वर्णविपर्यय म्हणतात. 'नुकसान'चे बोलीत 'नुसकान' होते, तेही याच प्रक्रियेने. जुन्या इंग्रजीत तर या नावाची दोन्ही क्रमांची रूपे शेजारी शेजारी नांदत होती.

शब्दाचे मूळ 'विणणे' या अर्थाच्या धातूत आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. इंग्रजी 'वीव्ह', जर्मन 'वेबेन' आणि संस्कृतातील 'ऊर्णवाभि', म्हणजे लोकर विणणारा कोळी, हे सारे त्याच धातूचे वंशज होत. गांधीलमाशी लाकडाचे तंतू कुरतडून, लाळेत कालवून त्यांपासून कागदासारखे पोळे रचते, हे लक्षात घेतले म्हणजे ही व्युत्पत्ती विलक्षण समर्पक वाटते; दंशाच्या भीतीपेक्षा त्या प्राचीन भाषकांच्या नजरेत कीटकाची कारागिरी अधिक भरली असावी.

'वेस्पा'पासून इटालियनमध्ये 'वेस्पायो' म्हणजे गांधीलमाश्यांचे पोळे हा शब्द झाला. ओल वर चढू नये म्हणून जमिनीखाली सोडलेल्या हवेशीर पोकळीलाही बांधकामात हेच नाव आहे.

1946 मध्ये इटलीतील पियाजिओ कंपनीने विमान-अभियंता कोरादिनो दास्कानियो यांच्या आराखड्यानुसार स्कूटर बाजारात आणली. तिचा रुंद मागचा भाग आणि बारीक कंबर पाहून कंपनीचे प्रमुख एन्रिको पियाजिओ यांना गांधीलमाशी आठवली, असे सांगितले जाते, आणि कीटकाचे नाव वाहनाला मिळाले. पुढे 1960च्या दशकात बजाज कंपनी पियाजिओच्या परवान्याने पुण्याजवळ आकुर्डीत वेस्पा बनवू लागली, आणि हा शब्द मराठी घरांत स्कूटरचे नाव म्हणून रुळला.