सेकंड हँड ड्रायर घेताय? आधी हे तपासा, मग टोकन द्या

टी-शर्ट प्रिंटिंग सुरू करणारे बरेच जण विचारतात, "सर, जुना कन्व्हेयर ड्रायर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" घ्या, पण माझी चूक करू नका.

मी पहिला ड्रायर जुनाच घेतला होता. डिस्प्लेवर १६० दिसत होतं, बेल्ट फिरत होता, मी खूश! पहिली ऑर्डर एका गणेश मंडळाची, १२० टी-शर्टची. पहिल्याच धुण्यात प्रिंटला भेगा पडल्या. सगळे टी-शर्ट पुन्हा करून दिले. ड्रायरमध्ये वाचवलेले पैसे त्यात गेलेच, वर मंडळाचं गिऱ्हाईकही गेलं.

चूक कुठे झाली? प्लास्टिसोल शाई वाळत नाही, ती शिजते. शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो (नेमका आकडा तुमच्या शाईच्या डब्यावर बघा). डिस्प्ले आतल्या सेन्सरचं तापमान दाखवतो, शाईचं नाही. वरून कोरडी वाटलेली शाई आतून कच्ची राहू शकते.

बघायला जाताना सोबत काय न्याल?

ओळखीचा वायरमन, त्याचा क्लॅम्प मीटर, टेंपरेचर स्ट्रिप आणि स्वतःची शाई वापरून नुकतेच छापलेले चार-पाच टी-शर्ट.

१. हीटर. मशीन थंड असताना सुरू करायला सांगा आणि लगेच करंट मोजा. समजा, सिंगल फेजवर १ किलोवॅटचे ६ हीटर आहेत. २३० व्होल्टला साधारण २६ अँपिअर दिसायला हवेत. १७ च्या आसपास दिसले, तर दोन हीटर गेलेत असं समजा. माझ्या मशीनमध्ये नेमकं हेच होतं!

२. उष्णता सगळीकडे सारखी आहे का? २० मिनिटं तापू द्या. मग स्ट्रिप लावलेले टी-शर्ट बेल्टच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूने सोडा. एकच सोडून थांबू नका, ओळीने सोडा. रिकामं मशीन छान तापतं, कपडे गेले की तापमान उतरतं.

३. बेल्ट. कडा उसवल्यात का, बेल्ट एका बाजूला सरकतो का, सांधा धड आहे का, हे बघा. खडूची खूण करून मोबाईलवर वेळ लावा. स्पीडचं बटण फिरवल्यावर वेळ खरंच बदलायला हवी.

४. वायरिंग. कडक झालेल्या, काळवंडलेल्या वायरी म्हणजे तुमचा पुढचा खर्च.

५. तुमच्या गाळ्यातली वीज. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. १६ अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही. मशीन थ्री फेज असेल तर बिलावरचा 'मंजूर भार' बघा. भार वाढवून घ्यायला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात.

भाव कसा करायचा?

विक्रेत्याचा आकडा ही खरी किंमत नाही. मागितलेली रक्कम + हीटर + बेल्ट + टेम्पो-हमाली + वायरिंग = खरी किंमत. ही बेरीज नव्या मशीनच्या किमतीजवळ गेली, तर नवंच घ्या. निदान वॉरंटी तरी मिळेल.

पसंत पडलं तरी लगेच पूर्ण पैसे देऊ नका. टोकन द्या, दोन दिवस मागून घ्या. तिथेच वाळवलेला टी-शर्ट थंड झाल्यावर ताणून बघा आणि घरी चार-पाच वेळा धुवा. प्रिंट टिकलं तर बाकी रक्कम. "आत्ताच घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणाले, तर ते मशीन दुसऱ्यालाच जाऊ द्या.

तुम्हाला ड्रायर लागतो का?

एका वेळी २०-२५ टी-शर्टच्या ऑर्डर असतील, तर हीट प्रेसवर टेफ्लॉन शीट ठेवूनही काम भागतं. लग्नपत्रिका आणि नॉन-वोव्हन पिशव्या करत असाल, तर हवेवर वाळणारी शाई आणि साधा रॅक पुरतो. नॉन-वोव्हन पिशवी या ड्रायरमध्ये घातली तर ती वितळेल! जुना रॅक मात्र बिनधास्त घ्या, फक्त स्प्रिंग आणि जाळ्या बघा.

मशीन जुनं असलं तरी चालतं. गिऱ्हाईकाच्या हातात गेलेलं प्रिंट कच्चं असून चालत नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!