लॅपटॉप सुरू होईना? आधी बोर्डापासून बघा



गोखिवऱ्यात आज एका बाजूला कारखान्यांचे गाळे आहेत, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, आणि मधल्या घरांतून लॅपटॉप आला आहे. मुलीचा कॉलेजचा अर्ज, सातबाराचा उतारा, महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, सारे त्याच्यावरच. नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो बटण दाबूनही उजळत नाही. कुणीतरी म्हणते, "मदरबोर्ड गेला," आणि आपण हजारो रुपये मोजायला तयार होतो. जरा थांबा. विहिरीवरचा पंप चालेना म्हणून आपण लगेच मोटार उचलून नेत नाही. आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर. इथेही तोच क्रम धरावा.

पहिला बोर्ड. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, कारण न्यूट्रल सुटलेली असली तरी टेस्टर पेटतो. दिवा लागला की चार्जरकडे वळा. भिंतीकडून येणारी वायर चार्जरच्या ठोकळ्यात सैल बसलेली असते. हे कारण इतके साधे, की तिकडे कोणी पाहतच नाही! घरात धान्याची पोती असतील तर उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही बघा. शेजाऱ्याचा चार्जर लावून पाहायचा असेल, तर ठोकळ्यावरचे बारीक अक्षर वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढेच किंवा जास्त, आणि पिन त्याच जातीची. मोबाइलचा लहान चार्जर खाचेत बसला, तरी लॅपटॉपला बहुधा पुरत नाही.

एवढे करूनही जाग नाही? मग चार्जर काढा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा, आणि चालू करायचे बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेली वीज निघून जाते आणि अडकलेले यंत्र पुष्कळदा ताळ्यावर येते. नंतर बॅटरी बसवून अर्धा तास चार्जिंगला ठेवा. पार उतरलेली बॅटरी लगेच उठत नाही. पंखा वाजतो पण पडदा काळा, असे असेल तर दोष बहुधा विजेचा नाही, पडद्याकडचा असू शकतो. दुकानदाराला तसे सांगा.

आता धोक्याचे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात पाणी भरले आणि वीजही बंद राहिली, हे आपल्याला आठवत असेल. लॅपटॉप भिजला तर "चालतो का बघू" म्हणून बटण दाबू नका, चार्जरही लावू नका. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय मला पटत नाही. वरून सुकले तरी आतला गाळ तांब्याला खातच राहतो. कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावे. लॅपटॉपची पाठ फुगली असेल, तर बॅटरी फुगली असे समजा. चार्जिंग तत्काळ थांबवा, दाबू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानात परत द्यावी.

दुरुस्तीला देताना एक गोष्ट बजावून सांगा: आतली कागदपत्रे आणि फोटो पुसायचे नाहीत. मदरबोर्ड खरोखर गेला तरी बऱ्याच यंत्रांत ती डिस्कवर शाबूत असतात आणि काढून घेता येतात. बदललेला जुना भाग मागून घ्या, पावतीही घ्या. आणि मुदत जवळ आली असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता अर्ज सेतू केंद्रातून भरून टाका.