रश्श्यातली पांढरी गोटी

साकोलीच्या एका शाळकरी वाचकाने विचारलं आहे: बोडीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, मग माशाला तिथे स्पष्ट कसं दिसतं? तलावांच्या जिल्ह्यातून यावा असाच हा प्रश्न, आणि भिंग समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात नाही.

प्रकाश वळतो तो वेग बदलतो म्हणून. कोरड्या धुऱ्यावरून बैलजोडी तिरपी चिखलाच्या बांधीत उतरली, की आधी शिरलेला बैल मंदावतो, दुसरा अजून जोरात असतो आणि जोडी आपोआप वळते. आपल्या डोळ्यात हे वळणं मुख्यतः पुढच्या पारपटलावरच होतं. सुमारे दोन तृतीयांश काम तिथेच उरकतं. पण पारपटलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याचं माप, १.३८ आणि पाण्याचा १.३३. पाण्यातून आलेला किरण तिथे जेमतेमच मंदावतो, म्हणून जेमतेमच वळतो. पोहण्याचा चष्मा डोळ्यापुढे पुन्हा हवा आणून ठेवतो, एवढंच.

माशाची सगळी भिस्त आतल्या भिंगावर, म्हणून ते पुरतं गोल. रोहूचं डोकं रश्श्यात शिजवलं की डोळ्यातून जी कडक पांढरी गोटी निघते, ती हीच! कच्ची असताना ती आरपार नितळ असते; आचेने प्रथिनं गोठतात आणि ती पांढरी पडते.

मात्र गोल भिंगात एक खोट असते. काचेची गोळी घेतली तर कडेचे किरण मधल्यांच्या आधीच एकत्र येतात आणि प्रतिमा फिसकटते. माशाच्या भिंगात प्रथिनं मध्याशी दाट आणि कडेला विरळ असतात. अपवर्तनांक मध्याशी १.५२च्या आसपास, कडेला १.३८च्या. त्यामुळे किरण आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सतत वळत राहतो. पाठ्यपुस्तकातली आकृती, दोन ठिकाणी पट्टीने मोडलेली रेघ, इथे अपुरी पडते. आपल्या भिंगातही अशी दाटी असते, फक्त कमी.

अशा विषम गोलाचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५४मध्ये मांडलं. न्याहारीतल्या माशाकडे पाहून ते सुचलं, अशी कथा आवडीने सांगितली जाते. मला मात्र लुडविग माथीसनचं कौतुक जास्त वाटतं. खऱ्या माशांची भिंगं मोजून त्याने १८८०च्या दशकात दाखवलं, की मासा लहान असो वा मोठा, प्रतिमा भिंगाच्या त्रिज्येच्या साधारण अडीचपट अंतरावर पडते. सगळीकडे सारख्या दाटीच्या गोळीला हे साधायचं तर अपवर्तनांक १.६७ लागेल, आणि तो प्रथिनांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

जवळचं-लांबचं पाहताना आपण भिंगाचा आकार बदलतो. माशाची गोटी इतकी कडक, की रोहूसारखे मासे ती तशीच स्नायूने मागे ओढून लांबचं पाहतात.