मालवणची जलहद्द

सिंधुदुर्गाच्या तटावरून पद्मगडाकडे पाहताना मध्ये जे पाणी पसरलेले दिसते ते कोणाचे, हा प्रश्न माझ्या मनात फार वर्षांपासून घर करून राहिला आहे. कुरटे बेट, 1664 सालची पायाभरणी, आरमाराचा पराक्रम हे सारे वाचकांस अवगत आहेच. मला ओढ लागली ती एका रुक्ष सरकारी अधिसूचनेची. 13 एप्रिल 1987 रोजी महाराष्ट्र शासनाने येथील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले आणि सिंधुदुर्ग, पद्मगड व भोवतालचे बुडालेले खडक मिळून होणाऱ्या 3.18 चौरस किलोमीटरांस त्याचा गाभा ठरविले.

त्यामागचे शास्त्रीय कारण सबळ होते. पणजीजवळच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम आणि वफर यांनी 1979 साली पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद केली. पाठोपाठ 1981 साली त्याच संस्थेच्या 'महासागर' या नियतकालिकात परुळेकरांनी मालवणच्या सागरी प्राणिसृष्टीचा परामर्श घेतला. पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या लोंढ्याने क्षारता गमावणाऱ्या या समुद्रात प्रवाळ तग धरून राहतात, ही गोष्ट मला किल्ल्याच्या तटबंदीइतकीच विस्मयकारक वाटते. हा परामर्श घेणाऱ्या परुळेकरांचे नाव मालवणात किती जणांस ठाऊक असेल?

परंतु शास्त्रज्ञांनी केलेल्या नोंदीचे कायद्याच्या हद्दीत रूपांतर झाले तेव्हा मच्छीमार आणि शासन यांच्यात वाद पेटला, आणि तो गावकऱ्यांच्या अडाणीपणातून पेटला असे म्हणणाऱ्यांनी 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम एकदा स्वतः वाचावा. त्याच्या 19 व्या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्याने जी चौकशी करावयाची, ती अभयारण्याच्या हद्दीतील जमिनीवरील हक्कांची. ज्याच्या नावे सातबारा आहे, निदान ज्याची जमिनीवर वहिवाट आहे, त्याचा अर्ज दप्तरी दाखल होऊ शकतो. रापणकराने आपला हक्क कोणत्या गट क्रमांकावर दाखवावा? रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार पसरून दोन्ही टोके किनाऱ्यावर ओढीत आणावयाची, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकास वाटा द्यावयाचा, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तिचा दाखला माणसांच्या स्मरणात आणि व्यवहारात आहे, महसुली दप्तरात नाही.

सागरी क्षेत्राच्या हद्दी ठरविताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितरक्षणाची पुरेशी तजवीज करावी, अशी स्पष्ट तरतूद 26-अ या कलमात 1991 च्या दुरुस्तीने आली. म्हणजे मालवणची अधिसूचना निघून चार वर्षे उलटल्यावर! या एका कालक्रमात मला सगळ्या अविश्वासाचे मूळ दिसते. ज्यांनी आधी हद्द ऐकली आणि मागाहून हमी ऐकली, त्यांनी हमीवर भरवसा का ठेवावा?

मी अभयारण्याच्या विरुद्ध नाही. 2001 पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना हे संरक्षण हवेच. किल्ल्याभोवती डुबकी मारावयास येणाऱ्या प्रवाशाने खडकाला हात लावू नये, प्रवाळावर पाय टेकू नये, नावाड्याने तेथे नांगर टाकू नये. त्यासाठी कायमचे तरंगते बांधणखुंट ठेवावेत आणि त्यांची देखभाल ज्यांना इथला प्रत्येक खडक नावाने ठाऊक आहे त्या नावाड्यांकडेच सोपवावी. प्रवाळास तीव्र धोका आहे तो पाणी तापण्याचा. ते संकट एकट्या मालवणने निवारण्याजोगे नाही, पण नांगर उचलणे तर मालवणच्या हातचे आहे.

आता शेवटचा दस्तऐवज. रापणकरांनी यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध दीर्घकाळ तक्रार केली; त्या प्रश्नावर डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल झाला आणि 5 फेब्रुवारी 2016 रोजी शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. अंमलबजावणीबद्दल किनाऱ्यावर अजूनही असमाधान आहे. तरीही लहान मच्छीमाराच्या पाण्याची लेखी दखल येथे घेतली गेली, आणि ती घेतली मत्स्यव्यवसाय खात्याने, वन खात्याने नव्हे. दोन्ही खात्यांची दप्तरे एकाच टेबलावर उघडून, रापणीच्या जागा गावकऱ्यांच्या तोंडून नकाशावर उतरवून घेऊन, मग 1987 ची हद्द पुन्हा वाचावी, एवढीच माझी मागणी आहे.