एस्कॉर्ट, लोगान आणि अंबडचा डाय

नाशिकमधल्या सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून गेल्या तीस वर्षांत दोन परदेशी मोटारी मोठ्या अपेक्षेने बाहेर पडल्या. १९९६ मध्ये फोर्डची एस्कॉर्ट आणि २००७ मध्ये रेनोची लोगान. दोन्ही फार काळ टिकल्या नाहीत. त्यांच्या अपयशाची कारणे नाशिकने नीट तपासलेली नाहीत, म्हणून हा मागोवा.

एस्कॉर्टचे कारण सरळ आहे. आपल्याकडे ती नवी म्हणून आली तेव्हा युरोपात तिचे दिवस भरत आले होते. १९९८ मध्ये तिथे तिची जागा फोकसने घेतली. त्याच वर्षी फोर्डने महिंद्राबरोबरच्या भागीदारीतला आपला हिस्सा वाढवला आणि पुढची गाडी, आयकॉन, चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरात काढली. तिथे बंदर जवळ होते आणि राज्य सरकारच्या सवलतीही होत्या. नाशिकची भूमिका तेवढ्यावर संपली.

लोगानची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे, कारण गाडी चांगली होती. ऐसपैस, दणकट, डिझेलला काटकसरी. तिला आडवी आली ती करआकारणीतली एक रेषा. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. लोगानचे डिझेल इंजिन त्या मर्यादेत बसत होते, पण लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखडून ती गाडी चार मीटरच्या आत आणली. लोगान होती तशीच राहिली. २०१० मध्ये रेनो महिंद्राबरोबरच्या भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये गाडीचे नाव व्हेरिटो झाले आणि चार मीटरच्या आतली व्हाइब आली ती थेट २०१३ मध्ये. तोवर बाजार पुढे निघून गेला होता. सरकार मोटार कंपनीला पैसे देऊन वाचवते, तसे एका फूटपट्टीने बुडवूही शकते, हे माझे ठाम मत आहे.

कारखान्याला मात्र टाळे लागले नाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ इथेच तयार होत होत्या, त्यांनी तो सावरला.

पण सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरला कोणी सावरायचे? नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रेसशॉपमध्ये पाहा. नव्या मॉडेलच्या एका ब्रॅकेटसाठी डाय, म्हणजे साचा, करावा लागतो, तपासणीचे गेज आणि फिक्श्चर करावे लागते, बऱ्याचदा त्यासाठी बँकेचे कर्ज काढावे लागते. हा खर्च दर नगामागे थोडा थोडा वसूल व्हायचा असतो. कंपनीच्या मागणीचे शेड्यूल निम्म्यावर आले की वसुली थांबते, हप्ता थांबत नाही. मॉडेल बंद झाले की तो डाय सहसा दुसऱ्या गाडीला चालत नाही. भंगाराच्या भावाने जातो.

सरकारी मदत येते तेव्हाही ती या व्हेंडरपर्यंत पोहोचत नाही. २००८-०९ च्या मंदीत अमेरिकेने जनरल मोटर्समध्ये सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले, त्यातले ११ अब्जांच्या आसपास बुडाले. आपल्या सरकारने डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी कमी केले, नंतर शहरांना बस घ्यायला पैसे दिले. मागणी सावरायला याचा उपयोग झाला, पण बंद पडलेल्या मॉडेलच्या व्हेंडरला त्यात काही नव्हते. आणि अमेरिकी करदात्याने वाचवलेल्या त्याच जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना बंद केला, हजाराहून जास्त कामगारांना घरी बसवले. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

कंपनी वाचली म्हणजे तिच्याभोवतीचे गाव वाचले, असे होत नाही. म्हणून निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांना विनंती आहे: एस्कॉर्ट आणि लोगानचे काम केलेल्या कारखानदारांकडून जुनी शेड्यूल, डायची बिले, कर्जाचे कागद गोळा करा. पुढच्या वेळी मंत्रालयात मदतीची मागणी करायला जाल तेव्हा हातात हा हिशेब असू द्या.